हाळी देणाऱ्याची होडी

आडबंदरच्या मच्छीमार संस्थेवर तैयबाला चेअरमन केलं, ते तिला काही कळत नाही अशी सगळ्यांची खात्री होती म्हणून. निवडणुकीत अंबाजी कोळी आणि त्याचा चुलतभाऊ यांच्यात असं जुंपलं होतं, की दोघांतलं कोणीही खुर्चीवर बसतं तर दुसऱ्यानं खुर्चीचा पाय मोडला असता. मग कोणीतरी तोडगा काढला, तैयबाआपाला बसवा. नवरा मुसअब गेल्यापासून होडी तिच्या नावावर आहे, बाईमाणूस आहे, साठी उलटली आहे, नमाज-रोजे आणि सुकट वाळवणं यापलीकडे तिचं चित्त नाही. सही कुठे करायची ते अंबाजी बोट ठेवून दाखवील. मुसलमानांना वाटलं आपलं माणूस बसलं, कोळ्यांना वाटलं आपल्या मुठीतलं बसलं, आणि तैयबाला वाटलं, बघू तरी खुर्चीवरून काय दिसतं.

खुर्चीवरून पहिल्यांदा दिसला तो बर्फ. बोर्ली पंचतनहून बर्फाची गाडी यायची, तिच्यातल्या वरच्या घट्ट लाद्या चेअरमनच्या होडीसाठी बाजूला काढायची रीत पडली होती. अंबाजी चेअरमन होता तेव्हापासूनची. कोणी मागायचं नाही, कोणी विचारायचं नाही, गाडीवाला आपणहून काढून ठेवायचा. पहिल्या दिवशी त्यानं तैयबासाठी लाद्या काढल्या तेव्हा तिचा हात पुढे गेलाही होता. पण मागे ठमाबाई उभी होती, रिकामी पाटी कमरेवर घेऊन, आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती. ते दुसरीकडे बघणं तैयबाला टोचलं. ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली आणि वाट्याला आला तो अर्धा पाणी झालेला बर्फ घेऊन घरी आली.

तिचा मुलगा कैस त्या दिवशी जेवला नाही. कुवेतला बारा महिने उन्हात काम करून, मग परत जाऊन, पुन्हा येऊन, असं करत त्यानं बापाच्या जुन्या होडीच्या जागी 'बरकत' बांधली होती, आईच्याच नावावर. सागवानी होडी, नवं इंजिन. हातचा बर्फ सोडून कोणी मासळी मऊ पाडतं का, असं त्याचं म्हणणं. तैयबानं काही मोठा विचार केला नव्हता, फक्त लाज वाटली होती.

पुढच्या खेपेला ते थोडं सोपं गेलं. मग डिझेलची पाळी आली, मग सरकारी जाळी आली. प्रत्येक वेळी हात आधी पुढे जायचा आणि मग मागे यायचा. काटेरी शिंगाळा मासा साफ करायला शिकताना होतं तसंच होतं ते. पहिल्यांदा काटा बोटात घुसतोच, रक्त येतं, हात सुजतो. मग हळूहळू बोटांनाच कळायला लागतं कुठे धरायचं आणि कुठे नाही, डोक्याला सांगावं लागत नाही. वर्षभरात तैयबाच्या बोटांना पुष्कळ कळायला लागलं होतं. अंबाजी मात्र अजून तिला सही कुठे करायची ते दाखवायला येत होता, आणि ती आधी वाचते म्हटल्यावर उन्हाळ्यातसुद्धा त्याला चहा गार होईपर्यंत बसावं लागत होतं.

मेच्या मध्यावर, मासेमारी अजून पंधरवडाभर चालणार अशा हिशेबानं सगळ्या होड्या पाण्यातच असताना, वादळाची सूचना आली. सकाळची भरती ओसरून गेली होती. पोलीस येऊन भोंग्यावर सांगून गेले, की उद्या संध्याकाळपासून वारं सुटेल, कोणी समुद्रात जायचं नाही, होड्या सुरक्षित ठिकाणी न्याव्यात. सुरक्षित ठिकाण म्हणजे कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही. खाडी तर नवा धक्का झाल्यापासून गाळानं भरली होती. तिथे होड्या एकमेकींवर आपटून फुटतात हे वीस सालच्या वादळात सगळ्यांनी बघितलं होतं. उरला तो एकच मार्ग, होड्या उतारावरून ओढून माडांत न्यायच्या. रात्रीची भरती अंधारात कामाची नव्हती, म्हणून त्यासाठी उरली ती एकच, उद्या सकाळची.

तैयबाच्या लहानपणी हे होड्या वर काढणं म्हणजे शाकारणी, आणि शाकारणी म्हणजे सणच. मे संपत आला, वारा फिरला, की होड्या वाडीत न्यायच्या, वर माडाच्या झापांचं छप्पर घालायचं आणि नारळी पुनवेपर्यंत समुद्राकडे पाठ करायची. पण होडी वर चढवणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. भरतीचं पाणी उताराच्या पायथ्याला लागलं की होडी तिथवर तरंगत आणायची, पुढे माडाचे ओंडके अंथरायचे, नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दोर बांधायचा आणि सगळ्या गावानं ओढायचं. दोराच्या एका अंगाला कोळी आणि दुसऱ्या अंगाला मुसलमान असं कधी नव्हतं. जो जिथे उभा राहील तिथे. होडी वर आली की कोळ्यांच्या होडीवर नारळ फुटायचा, मुसलमानांच्या होडीवर फातिहा पढला जायचा, आणि दोन्हींच्या मालकिणी गूळ-खोबरं वाटायच्या. खोबऱ्याचा तो तुकडा खाऱ्या हातानं खाल्ला म्हणजे काय लागायचा! आता घरोघर मिठाईचे पुडे असतात, ती चव नाही.

ओढणारे कितीही असले तरी जोर एका वेळी लागला पाहिजे, म्हणून एकानं हाळी द्यायची. तैयबाचा बाप वली ती द्यायचा. कमरेएवढ्या पाण्यात, होडीच्या मागच्या अंगाला खांदा लावून तो 'हैया' म्हणायचा, तेव्हा दिवेआगरच्या वाटेवरची गुरं माना वर करत, असं ठमाबाई अजून सांगते. ठमाबाई कोळ्यांची, तैयबाच्याच वयाची. दोघींनी त्या वाळूत एकत्र शिंपल्या वेचलेल्या.

आणि त्या कामाचा एक नियम होता. लहान होड्या आधी, त्यातही ज्या घरात पुरुष नाही त्यांची सगळ्यांत आधी. मोठ्या मागून. आणि हाळी देणाऱ्याची होडी शेवटी. बापाचा सदरा आणि चपला सांभाळत वाळूत बसलेल्या तैयबाला हे मुळीच आवडायचं नाही. त्यांच्या घरचं गूळ-खोबरं वाटायची वेळ येई तोवर खाणाऱ्यांची पोटं भरलेली असायची. एकदा तिनं विचारलंच, की ओरडायचं आपण आणि मागे राहायचंही आपणच, असं का. वली लुंगी पिळत म्हणाला, "ज्याची होडी वर चढली, बाय, त्याचा आवाज बसतो."

पुढे वली गेला, दोर कपाटात गेले, आणि अंबाजीनं ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टरला हाळी लागत नाही. मग नियमाची गरजही कोणाला वाटली नाही. ज्याचा ट्रॅक्टर त्याच्या होड्या आधी, मग त्याच्या जवळच्यांच्या, मग ज्यांनी दारावर येऊन सांगितलं त्यांच्या. अंबाजी काही वाईट माणूस नव्हता. दारावर आलेल्याला त्यानं कधी रिकाम्या हाती पाठवलं नाही. फक्त दारावर आलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. वीस सालच्या वादळात ठमाबाईचा नवरा दारावर गेला नाही. त्याची होडी पाण्यात राहिली आणि तिच्या फळ्यासुद्धा सापडल्या नाहीत. नवरा त्या धक्क्यातून उठला नाही. आता ठमाबाईकडे होतं ते एक लहानसं होडकं, भाच्याच्या मदतीनं चालवलेलं.

दुपारी तैयबानं सगळ्यांना उतारावर बोलावलं आणि उद्याची रांग सांगितली. जुनी रांग. ठमाबाईचं होडकं पहिलं, मग लहान होड्या, मग मोठ्या, मोठ्यांच्या शेवटी अंबाजीच्या दोन, आणि सगळ्यांत शेवटी 'बरकत'. हाळी ती स्वतः देणार होती. यावर काही तरुण पोरं हसली. बाईनं हाळी दिलेली त्यांनीच काय, त्यांच्या बापांनीही बघितली नव्हती. अंबाजी हसला नाही. तो निघून गेला आणि दिवेलागणीच्या आधी तैयबाच्या ओटीवर येऊन बसला.

चहा घेताना त्यानं आधी वलीची आठवण काढली, मग मुसअबची. मग म्हणाला, की ट्रॅक्टर त्याचा आहे, हे कोणी विसरू नये. एका भरतीत सगळ्या होड्या व्हायच्या नाहीत, दोनचार राहणारच. तेव्हा उगाच नियमाचं सोंग नको. त्याच्या दोन आणि कैसची एक, अशा तीन आधी घेऊ, बाकीच्यांचं मग जमेल तसं.

"चेअरमनची होडी पान्यात ऱ्हायली तर संस्थेची इज्जत जाते, आपा," तो म्हणाला. "कोन बोलनार न्हाय. माझ्या वेळेला कोन बोललं?"

"बोललं नाही कोणी," तैयबा म्हणाली. "पण सगळ्यांनी बघितलं होतं, अंबाजी. मी पण बघितलं होतं. तेव्हा माझी होडी तुझ्या मागोमाग चढली होती, म्हणून मी गप्प बसले."

अंबाजीनं कप खाली ठेवला. उद्या ट्रॅक्टर लवकर सुरू होईल आणि तो कोणाच्या हाळीची वाट बघणार नाही, एवढं सांगून तो गेला.

आतून कैस सगळं ऐकत होता. तो ओटीवर आला तो सरळ बोलायलाच आला. त्याची बायको जुनेरा पदर सावरून दारात उभी राहिली, कोणाच्या बाजूनं बोलावं हे तिला कळेना. कैसनं आवाज चढवला नाही, आणि तेच तैयबाला जास्त लागलं. तो म्हणाला, की बर्फ सोडलास, मी गप्प बसलो. डिझेल सोडलंस, गप्प बसलो. पण होडी ही काही तुझ्या खुर्चीची वस्तू नाही. ती माझी दहा वर्षं आहेत. कागदावर नाव तुझं असलं म्हणून ती उद्या लोकांसमोर मोठेपणासाठी उधळायची का?

"मोठेपणा कसला आलाय," तैयबा म्हणाली. "तुझी होडी आधी चढवून मी हाळी दिली, तर माझ्या आवाजावर ठमाबाई दोर ओढेल का? तू ओढशील?"

"नियम नाना गेल्यावर संपला, अम्मी."

"संपला नाही. आपण टाकला."

कैसनं तिच्याकडे बघितलं, मग चावी घेऊन धक्क्यावर गेला. रात्र पडण्याआधी त्यानं 'बरकत'चं इंजिन आणि जाळी उतरवून घरामागे आणली. आईवर विश्वास नाही म्हणून की आईला ओळखतो म्हणून, हे तैयबानं विचारलं नाही.

सकाळी आभाळ कळकट झालं होतं, पण वारा पडलेला होता. वादळापूर्वी समुद्र असाच शहाणा बनून बसतो. भरती चढायला लागली. तैयबा उतारावर पोचली तेव्हा ट्रॅक्टर आधीच उभा होता, आणि अंबाजीची पहिली मोठी होडी पायथ्याला आणून तिच्या नाळेला साखळी बांधली जात होती. ठमाबाईचं होडकं कडेला खडकाजवळ डुचमळत होतं. माणसं लांब लांब उभी होती. वीस सालीही ती अशीच उभी होती.

तैयबानं सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि उताराच्या मधोमध, ट्रॅक्टरच्या तोंडासमोर, एका ओंडक्यावर जाऊन बसली.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. ती हलली नाही. अंबाजी पुढे आला, चारचौघांत आवाज खाली ठेवून म्हणाला, की वेळ घालवू नको, आपा, पाणी थांबनार न्हाय.

"पाणी थांबत नाही म्हणूनच रांग असते," तैयबा म्हणाली. "ट्रॅक्टर तुझा, पण उतार संस्थेचा. रांगेनं ये."

"बरं, तुझी होडी पयली घेतो. माझ्या आधी. मग तरी उठशील?"

"माझी शेवटी. हे मी काल सांगितलंय."

"आनि मी न्हाय ऐकलं तर?"

"तर घाल ट्रॅक्टर अंगावर. चेअरमन मेली तर दुसरी निवडणूक लागेल, तुला हवीच आहे."

लांब उभ्या असलेल्यांतून कोणीतरी हसलं. मग ठमाबाई हसली, उघडपणे, आणि पदर खोचून येऊन तैयबाशेजारी ओंडक्यावर बसली. "व्हय रं अंबाजी," ती म्हणाली, "माजी एक होडी तू घालवलीस. आता मलाच घालव, म्हंजे फिटंल." ड्रायव्हरनं अंबाजीकडे बघितलं, मग दोन म्हाताऱ्यांकडे बघितलं, आणि इंजिन बंद केलं. ते बंद झाल्यावर एवढी शांतता झाली, की ओंडक्यांखाली पाणी घुसल्याचा आवाज येऊ लागला.

अंबाजीनं साखळी सोडायला सांगितली. हार मानली म्हणून नव्हे. रांगेनं का होईना, त्याच्या होड्याही याच उतारानं चढायच्या होत्या, आणि भांडणात भरती गेली तर त्याच्याही जातील, एवढा हिशेब त्याला येत होता. ट्रॅक्टर रांगेत येईल, तो म्हणाला. पण मोठ्या होड्यांची वेळ आली आणि पाणी उतरलं, तर बघून घेईन.

पहिलं ठमाबाईचं होडकं. त्याला ट्रॅक्टर लागलाच नाही. तैयबा कमरेएवढ्या पाण्यात उतरली, होडक्याच्या पाठीला खांदा लावला आणि 'हैया' म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज चिरकला. पोरं पुन्हा हसली. दुसऱ्यांदा तो पोटातून आला, आणि तो वलीचा होता, हे ज्यांनी वलीला ऐकलं होतं त्या दोघातिघांना कळलं. दोर ताणला. होडकं कुरकुरत ओंडक्यांवर चढलं. बायका धावल्या, मोकळे झालेले ओंडके उचलून पुढे टाकू लागल्या.

मग एक, मग दुसरी. मोठ्या होड्यांना ट्रॅक्टर पुढून ओढायचा आणि माणसं दोन्ही अंगांनी सावरायची, नाहीतर होडी कलंडते. हाळी दोघांनाही लागते हे ड्रायव्हरला तिसऱ्या होडीला कळलं, तेव्हापासून तो तैयबाच्या 'हैया'वरच गिअर टाकायला लागला. लांब उभी असलेली माणसं जवळ आली. लोक येत होते ते हाळी ऐकून नव्हे. तिकडे, सगळ्यांत लांब, नांगरावर एकटी झुलत असलेली 'बरकत' दिसत होती म्हणून. कैसही दोरावर होता. तो आईकडे बघत नव्हता, पण ओढत होता, आणि त्याच्या हातांची कातडी सोलली होती.

अंबाजीची पहिली होडी चढली तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. वारा सुटला होता, माडांचे शेंडे एका बाजूला वळले होते. उरल्या होत्या दोन होड्या. अंबाजीची दुसरी आणि 'बरकत'. आणि एकीपुरतंच पाणी उरलं होतं, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. उताराच्या पायथ्याचा चिखल उघडा पडत चालला होता.

तेव्हा जे झालं त्याची तैयबाला कल्पना नव्हती. पहिल्यांदा ठमाबाईच बोलली. "आता तुजी घे, तैयबा. त्याची एक चढली ना? दोन होड्या वाचवायच्या त्याच्या आनि तुजी एक बुडवायची, हा कुठला न्याय?" मग सगळेच बोलायला लागले. खरंच आहे, आपांची घ्या. ज्यानं आम्हाला वर्षानुवर्षं मागे ठेवलं त्याला आज कळू दे. दोन पोरं 'बरकत'चा नांगर काढायला पाण्यात शिरलीसुद्धा. अंबाजी कडेला उभा होता. त्याच्या बाजूनं एक माणूस बोलत नव्हता, त्याचा चुलतभाऊ तर नाहीच. त्याचं तोंड वीस सालच्या ठमाबाईच्या नवऱ्यासारखं झालं होतं.

कैस दोर टाकून आईसमोर आला. छातीपर्यंत भिजलेला. "आता तर सगळे म्हणतायत, अम्मी," तो म्हणाला. "आता तर मी एकटा नाही."

तैयबाला वाटलं, हो म्हणावं. कोणाची लाज नव्हती, कोणी दुसरीकडे बघत नव्हतं, उलट सगळं गाव तिच्याकडे बघून हो म्हण म्हणत होतं. चुकीचं वाटणारं काही टाळायची तिला वर्षभराची सवय झाली होती. पण हे चुकीचं वाटतच नव्हतं. हे चांगलं वाटत होतं, गोड वाटत होतं, आणि त्या गोडीनंच ती सावध झाली. अंबाजी रांगेत आला होता. तिनं बोलावलं म्हणून आला होता. आता त्याला रांगेतून काढलं, तर ती रांग नव्हतीच. ट्रॅक्टरवाल्याच्या मर्जीसारखी ती नुसती तिची मर्जी झाली असती.

"पोरांना मागे बोलाव," ती कैसला म्हणाली. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अंबाजीची होडी आणा. काल रांग सांगितली तेव्हा कोणी ती बदला म्हणून बोललं नाही. आता सोयीची नाही म्हणून बदलत नाही. ज्याला ओढायचं नसेल त्यानं जावं घरी. मी आणि ट्रॅक्टर ओढू."

काही जण खरंच गेले. ठमाबाई तोंडातल्या तोंडात शिव्या देत राहिली, पण दोर तिनं सोडला नाही. मग कैसनं दोर उचलला आणि अंबाजीच्या होडीच्या नाळेला स्वतः गाठ मारली. ती होडी चढताना तैयबाचा आवाज बसला नव्हता.

संध्याकाळी वारा आला तो रात्रभर राहिला. पत्रे उडाले, माड पडले, गावात माणूस कोणी दगावलं नाही, ही अल्लाची मेहेरबानी. सकाळी 'बरकत'चा नांगर जागच्या जागी होता आणि दोर तुटलेला होता. होडी दक्षिणेकडच्या खडकांवर सापडली, पोट फाटलेली. कैसनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि घरी येऊन जुनेराला विचारलं, पासपोर्ट कुठे ठेवलाय. आईशी तो बोलला नाही. जेवायला बसायचा, उठायचा. तैयबाही त्याला समजवायला गेली नाही. त्याचं गेलं होतं, त्याला रागवायचा हक्क होता. एकदोनदा ती खडकांकडे जाऊन बसून आली, आणि तिथे ती रडलीही, पण केलं ते चुकलं असं तिला तिथेही वाटलं नाही.

महिन्याअखेर संस्थेची सभा लागली, बर्फाच्या गोदामावरच्या खोलीत. आधी नुकसानीचं बोलणं झालं. मग अंबाजीचा चुलतभाऊ उठला. त्यानं संस्थेच्या नियमांवर बोट ठेवलं. चेअरमन होडीमालक पाहिजे. तैयबाआपाची होडी आता नाही, तेव्हा खुर्ची रिकामी झाली. तो म्हणाला, की त्याला फार वाईट वाटतंय, पण नियम आपांनाच प्रिय आहेत.

खोलीत गलका उठला. ज्यांच्या होड्या चढल्या होत्या ते बाह्या सरसावून उभे राहिले. अंबाजी खाली मान घालून बसला होता, आणि त्यानं एकदाच, कोणाकडे न बघता सांगितलं, की हे आपल्याला पसंत न्हाय.

तैयबानं हात वर केला. गलका थांबला.

"बरोबर बोलतोय तो," ती म्हणाली. "तसा नियम आहे. मी उठते." आणि ती उठली, खुर्ची थोडी मागे सरकवली, आणि समोर येऊन उभी राहिली. "आता ज्याला बसायचं त्यानं बसावं. फक्त एक सांगते, पुढच्या शाकारणीला रांग तीच. खुर्चीवर बसेल त्याची होडी शेवटी. कितीही मोठी असो. ये, बस."

चुलतभावानं खुर्चीकडे बघितलं. त्याची होडी आडबंदरात सगळ्यांत नवी होती. तो म्हणाला, की त्याचं तसं काही म्हणणं नव्हतं, त्यानं फक्त मुद्दा मांडला.

"मुद्दा मांडलास तर बस."

तो बसला नाही. कोणीच बसलं नाही. खुर्ची तशीच राहिली, आणि माणसं तिच्याकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघायला लागली. वर्षानुवर्षं जिच्यासाठी भांडणं झाली, त्या खुर्चीला बसायला आता माणूस मिळेना. मागच्या बाजूला कुजबुज झाली, आणि बायकांतून वाट काढत ठमाबाई पुढे आली. तिनं खुर्चीवरची धूळ पदरानं झटकली, जरा वेळ तिच्याकडे संशयानं बघितलं, आणि बसली.

"माजं होडकं शेवटी," ती म्हणाली. "गेलं तर गेलं. मी काय पयल्यांदा बुडत न्हाय. सही कुठं करायची ती तेवडी कोनीतरी दाखवा."

"आधी वाचायला शिक," तैयबा म्हणाली, आणि खोली हसली.

तैयबा सभासदांच्या रांगेत बसायला मागे गेली. होडी नाही म्हणून मत देता येणार नव्हतं, बोलता येत होतं. कैस भिंतीला टेकून उभा होता. तो आला होता हे तिला आतापर्यंत दिसलंच नव्हतं. त्यानं तिला बसायला सतरंजीवर जागा करून दिली आणि स्वतः शेजारी बसला. समोर बघतच म्हणाला, की बोर्लीला एक सुतार आहे, तो म्हणतो 'बरकत'चा कणा शाबूत आहे. एवढंच म्हणाला. पासपोर्टचं काय, ते बोलला नाही. तिनंही विचारलं नाही.

समोर ठमाबाई पुढचा विषय विचारत होती, आणि कोणालाच काही सुचत नव्हतं. तैयबानं हात वर केला.

"उतारावरचे ओंडके सडलेत," ती मोठ्यानं म्हणाली. "बदलणार आहात की नाही? आणि बर्फाच्या वरच्या लाद्या आज कोणाच्या घरी गेल्या, तेही सांगा."